कुरोईवा सेन्सेईंची सोळा चित्रं

जपान सरकारचा माणसाच्या डोक्यावर पंचाहत्तरीपर्यंत आंधळा विश्वास असतो. तोपर्यंत कुणीही यावं, डोळे तपासून घ्यावेत आणि मोटारीचा परवाना पुढे वाढवून न्यावा. पंचाहत्तरी उलटली की मात्र सरकारला एकाएकी शंका येते. मग परवान्याच्या आधी स्मरणशक्तीची चाचणी. सोळा चित्रं दाखवतात, मध्येच आकडे खोडायला लावून माणसाचं लक्ष उडवतात, आणि मग विचारतात, काय काय पाहिलंत ते लिहा. सोळाच्या सोळा आठवली पाहिजेत असं काही नाही. बऱ्यापैकी आठवली तरी सरकार खूश असतं.

कुरोईवा सेन्सेईंना, म्हणजे गुरुजींना, चाचणीचं बोलावणं आलं तेव्हा त्यांना हसू आलं. त्यांची सगळी हयात शाळेत गेली होती आणि उपमुख्याध्यापक म्हणून ते निवृत्त झाले होते. परीक्षेत पहारा द्यावा तो त्यांनीच. पोरांच्या बाह्यांतून, टोप्यांतून, एकदा तर एकाच्या डब्यातल्या भाताखालून त्यांनी चिठ्ठ्या काढल्या होत्या. असा माणूस परीक्षेला घाबरतो होय? पण हे हसू दुपारपर्यंतच टिकलं, कारण दुपारी बातमी कामिहारात पसरली.

कामिहारा म्हणजे डोंगरातली जेमतेम वीस घरं. सकाळी एक बस खाली शहरात जाते, संध्याकाळी परत येते, आणि रविवारी तीही विश्रांती घेते. ज्यांच्याकडे मोटारी होत्या त्यांच्या मुलांनी टोकियोहून, ओसाकाहून फोन करकरून त्यांचे परवाने परत करायला लावले होते. उरली सेन्सेईंची चार माणसांची छोटी पांढरी गाडी. दर गुरुवारी ती इस्पितळाकडे निघायची. एकीचे गुडघे, एकीचे दात आणि एकीचा मोतीबिंदू असा ऐवज घेऊन. तसं गावातल्या ओनुकी शेतकऱ्याकडेही वाहन होतं, पण तो शेतावरचा टेम्पो. त्यात शेजारी कांद्याच्या पातीच्या जुड्या बसायच्या आणि मागे खत. बायकांनी त्यात बसायला साफ नकार दिला होता. थोडक्यात, सेन्सेई नापास झाले तर कामिहाराचे गुडघे, दात आणि डोळे घरीच बसणार होते.

म्हणून सेन्सेईंची स्मरणशक्ती ही गावाची मालमत्ता झाली.

सगळ्यांत आधी शेजारच्या इनाबा-सान आल्या. वय पंच्याऐंशी, मोतीबिंदू त्यांचाच.

"सेन्सेई, रोज सकाळी मूठभर अक्रोड खा. अक्रोड दिसतो कसा? अगदी मेंदूसारखा. देवानं उगाच नाही तसा केलेला."

"आणि मुळा कशासारखा दिसतो हो?" सेन्सेईंनी विचारलं.

"थट्टा नको. थट्टा करणारेच नापास होतात," असं म्हणून त्या अक्रोडांची पिशवी ठेवून गेल्या.

मग निवृत्त पोस्टमन आले. त्यांनी सांगितलं, की नवीन पाहिलं की जुनं पुसलं जातं, तेव्हा परीक्षेच्या आधी दोन दिवस टीव्हीसुद्धा पाहू नका. मंदिराच्या पुजाऱ्यांनी उलटं चालायचा सल्ला दिला. सेन्सेई अंगणात उलटे चालले आणि आंबवलेल्या सोयाबीनच्या, मिसोच्या पिंपावर बसले. म्हणजे बसायचा विचार नव्हता, पिंप आडवं आलं. त्यांच्या पत्नी योशिए-सान कंबर शेकत एवढंच म्हणाल्या, "अहो, गाडी पुढे चालवायचीय ना? मग चालायला तरी पुढे चाला."

शहराच्या पुस्तकांच्या दुकानात या परीक्षेच्या तयारीचं पुस्तक मिळतं. चित्रांचे संच चार, प्रत्येकात सोळा. त्यांतला एक संच परीक्षेत येतो. चारही संच एकाच वळणाचे: एक शस्त्र, एक वाद्य, एक शरीराचा भाग, एक किडा, एक पक्षी. पहिल्यात तोफ, तर दुसऱ्यात रणगाडा. चौसष्ट चित्रं पाठ करायची म्हणजे सगळी भेळ व्हायची भीती. पण गाव मागे हटायला तयार नव्हतं. भाजीच्या ठेल्यावर, बसथांब्यावर, जिथे सेन्सेई दिसतील तिथे कुणीतरी ओरडायचं, "दुसरा संच, शस्त्र!" आणि सेन्सेईंना ओरडावं लागायचं, "रणगाडा!" तोफुवाल्या म्हाताऱ्याच्या अंत्यविधीला सगळे उदबत्तीच्या रांगेत मान खाली घालून उभे होते. इनाबा-सान मागून हळूच कुजबुजल्या, "वाद्य?" आणि सवयीनं सेन्सेई खणखणीत आवाजात म्हणाले, "ढोल!" भिक्षूंचं मंत्रपठण थांबलं. विधवेनं पदराआडून, म्हणजे रुमालाआडून, त्यांच्याकडे पाहिलं. त्या दिवशी सेन्सेईंनी ठरवलं की परीक्षा एकदाची होऊन जाऊ दे.

मग देवासारखा ओनुकी आला.

ओनुकी म्हणजे सेन्सेईंचा पहिलीपासूनचा दोस्त. शाळा सुटली, तो शेतीत गेला आणि हे शिक्षक झाले, पण संध्याकाळची शोगी चुकली नाही. पटावरच्या या खेळात ओनुकी उस्ताद. सेन्सेई आयुष्यभर हरत आले होते. फक्त गेले काही महिने चमत्कार झाला होता: सेन्सेई लागोपाठ जिंकत होते. याचं श्रेय त्यांनी अक्रोडांना दिलं होतं. अक्रोड खायला सुरुवात करून फार दिवस झाले नव्हते, हा हिशोब त्यांनी सोयीस्करपणे केला नाही.

"कुरोईवा," ओनुकी ओसरीवर टेकत म्हणाला, "मी गेल्या आठवड्यात परीक्षा देऊन आलो. पास. तुला म्हणून सांगतो. दुसरा संच आहे. महिनाभर तोच ठेवतात. बाकीचे तीन विसरून जा."

सेन्सेईंच्या आतला उपमुख्याध्यापक ताडकन उठून उभा राहिला. ही तर फुटलेली प्रश्नपत्रिका! त्यांनी त्याला खाली बसवलं. चिठ्ठी म्हणजे कॉपी. हे तोंडी आहे. तोंडी असेल तर ती माहिती. शिवाय प्रश्न एकट्या कुरोईवाचा नाही, इनाबा-सानच्या मोतीबिंदूचा आहे. एवढं समजावल्यावर उपमुख्याध्यापक गप्प बसला. ओनुकी मात्र गप्प बसला नाही. दोन दिवसांनी त्यानं तीच गोष्ट पुन्हा तितक्याच गुप्तपणे सांगितली, आणि परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आणखी एकदा. मित्राचं भलं करताना याला एकदा सांगून समाधान नाही, म्हणून सेन्सेईंना अगदी भरून आलं.

चाचणी शहराच्या ड्रायव्हिंग शाळेत होती. सगळे पांढऱ्या केसांचे विद्यार्थी बाकांवर बसले. शिक्षक चित्रांचे फलक दाखवू लागला, आणि इथे सेन्सेईंनी आयुष्यातली सगळ्यांत हुशारीची चूक केली. नवीन पाहिलं की जुनं पुसलं जातं! त्यांनी फलकाकडे पाहिलंच नाही. कानही बंद करता आले असते तर त्यांनी केले असते. ते नाही जमलं, म्हणून ते मनात रणगाडा, ढोल, डोळा असा जप करत खिडकीबाहेर पाहत राहिले. बाहेर एक मुलगी गाडी मागे घेऊन उभी करायला शिकत होती. प्लास्टिकच्या प्रत्येक खांबाला तिने एकदा तरी धक्का दिला. एवढं वाईट चालवणारीला परवाना मिळणार आणि इथे आमची परीक्षा, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग पेपर आला. सेन्सेईंनी सोळाच्या सोळा चित्रं एका दमात लिहिली. पुढच्या पानावर "शस्त्र", "वाद्य" असे इशारे देऊन पुन्हा विचारलं होतं. तिथेही त्यांनी तीच सोळा वळणदार अक्षरात लिहून सगळ्यांत आधी पेपर दिला.

निकाल देणारी मुलगी फार हळू आणि फार मोठ्यानं बोलू लागली.

"कुरोईवा-सान, घाबरू नका हं. घरून कुणी आलंय का बरोबर?"

"पत्नी आहे. का?"

"तुमच्या उत्तरांवरून विस्मरणाच्या आजाराची शक्यता दिसते. डॉक्टरांचा दाखला आणावा लागेल. वाढदिवसाच्या आत आणला नाही, तर परवाना रद्द होईल."

सेन्सेईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "सोळापैकी सोळा बरोबर आहेत माझी!"

"एकही नाही," मुलगी कळवळून म्हणाली. "तुम्ही लिहिलीत ती दुसऱ्या संचातली. आज तिसरा होता."

"पण महिनाभर दुसराच ठेवता ना?"

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. मुलगीही चमकली.

"या महिन्यात एक तारखेपासून तिसराच आहे. आणि तुम्हाला कोण म्हणालं?"

आता इथे उत्तर एकच होतं आणि ते देणं शक्य नव्हतं. आपण कॉपी केली हे सांगावं तर अब्रू गेली, नाही सांगावं तर डोकं गेलं. सेन्सेई म्हणाले, "कोणी नाही. मला... आठवत नाही." मुलीनं मान हलवली आणि योशिए-सानना दोन्ही हातांनी एक माहितीपत्रक दिलं. "आपल्या माणसाशी प्रेमानं वागा," असं त्याचं नाव होतं. परतीच्या वाटेवर योशिए-सान ते शेवटपर्यंत वाचत आल्या.

"यात लिहिलंय, रुग्णाशी वाद घालू नये," त्या म्हणाल्या. "लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेली. हे आधी द्यायला काय झालं होतं यांना?"

सेन्सेई तडक ओनुकीच्या शेतावर गेले.

"काय रे, मुद्दाम केलंस ना? शोगीत हरतोस म्हणून?"

"काय केलं?"

"चुकीचा संच सांगितलास!"

"कसला संच?" ओनुकी पातीची माती झाडत म्हणाला. "बरं, तुझी परीक्षा कधी आहे? जायच्या आधी मला भेट. मी देऊन आलोय. दुसरा संच असतो."

काय सराईत नाटक! सत्तर वर्षांची दोस्ती, आणि हा माणूस तोंडावर सोंग आणतो! त्यांनी जाहीर केलं की आजपासून शोगी बंद, आणि पाय आपटत घरी आले. ओनुकी मागून ओरडला, "संध्याकाळी येतोस ना?" हा तर कळसच होता.

कामिहारात बातम्या फिरायच्या दोन वाटा आहेत. एक इनाबा-सान, आणि दुसरी घरोघर फिरणारी पाटी. तिच्यावर कचऱ्याचे वार, मंदिराची साफसफाई अशी पत्रकं लावलेली असतात, आणि प्रत्येक घरानं वाचून शिक्का मारून ती पुढे द्यायची असते. त्या आठवड्यात गवत कापायच्या सूचनेखाली एक ओळ होती: "आपल्या आदरणीय सेन्सेईंना वाटेत पाहिल्यास हसून बोलावे व घरापर्यंत सोबत करावी." पाटी रिवाजाप्रमाणे सेन्सेईंच्या घरीही आली. शिक्का त्यांनाच मारावा लागला.

त्यानंतर जो प्रेमाचा पूर आला त्याला तोंड देणं कठीण होतं. गावात आजवर त्यांच्याशी मान लववून बोलणारी माणसं आता वाकून, चेहऱ्याजवळ चेहरा आणून विचारू लागली, "सेन्सेई, जेवलात का-आ?" पोस्टमन त्यांचा हात धरून रस्ता ओलांडायला लावू लागले, आणि त्या रस्त्यावरून दिवसात चार वाहनं जायची. कुणी त्यांच्या टोपीला अंधारात चमकणारी पट्टी शिवून दिली. इनाबा-सान रोज कुंपणावरून विचारायच्या, "सेन्सेई, आज कोण वार?" बरोबर उत्तर दिलं की टाळ्या वाजवायच्या. चुकलं तर काय करतील, या विचारानं सेन्सेई रोज सकाळी कॅलेंडर पाहूनच बाहेर पडत.

एका दुपारी त्यांना हे सगळं असह्य झालं. योशिए-सान झोपल्या होत्या. सेन्सेई कुणाला न सांगता मागच्या टेकडीवर जाऊन बांबूच्या बनात बसले. वारा होता, शांतता होती, कुणी वार विचारत नव्हतं. जरा डोळा लागतो न लागतो तोच खालच्या खांबावरचा गावचा कर्णा खरखरला.

"हरवल्याची सूचना. कामिहारातील शहात्तर वर्षांचे गृहस्थ दुपारपासून बेपत्ता आहेत. राखाडी टोपी, उंची मध्यम, किंचित वाकलेले..."

"वाकलेले?" सेन्सेई ताठ उठून बसले.

"...बोलणं काहीसं तापट. दिसल्यास कळवावे."

हीच सूचना पुन्हा एकदा झाली, आणि या खेपेला "काहीसं" गाळलं. सेन्सेई भराभर टेकडी उतरून थेट गावच्या कचेरीत गेले आणि टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "मी वाकलेला नाही!" तिथल्या कारकुनानं आनंदानं कर्णा उघडला आणि सांगितलं, "सुखरूप सापडले!" बाहेर आले तर अर्धं गाव जमलेलं. इनाबा-सान रडत होत्या. त्या खऱ्या रडत होत्या, हे पाहून सेन्सेईंना रागावताही येईना. आणि गर्दीच्या कडेला ओनुकी होता, गुडघ्यापर्यंत चिखल, गळ्यात टॉर्च. त्यानं सगळे बांध पालथे घातले होते. सेन्सेईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

वाढदिवस जवळ येत होता. शेवटी शुक्रवारी सेन्सेई शहरात डॉक्टर सेगावांच्या दवाखान्यात गेले. या सेगावांना शाळेत त्यांनी एकदा भूगोलाच्या पेपरात कॉपी करताना पकडलं होतं, आणि आता आपलं स्मरण शाबूत निघावं नि त्यांचं तेवढं कच्चं निघावं, अशी मनात प्रार्थना करत ते आत शिरले.

"या, सेन्सेई," डॉक्टर उठून म्हणाले. "बाहीतली चिठ्ठी! मी आयुष्यभर विसरलो नाही."

होतं नव्हतं ते बळ गेलं. मग डॉक्टरांनी त्यांचे प्रश्न सुरू केले. आज काय तारीख, शंभरातून सात सात वजा करा, भाज्यांची नावं सांगा, मघाशी सांगितलेले तीन शब्द आठवतात का. सेन्सेईंनी खाडखाड उत्तरं दिली. भाज्यांची नावं तर डॉक्टरांनी पुरे म्हटल्यावरही चालू राहिली.

"उत्तम. माझ्यापेक्षा चांगलं," डॉक्टर कागद चाळत म्हणाले. "मग चित्रांत शून्य कसं? याचा उलगडा झाल्याशिवाय मला दाखला देता येणार नाही. मोठ्या इस्पितळात पाठवावं लागेल, आणि तिथे नंबर लागेपर्यंत तुमचा वाढदिवस उलटेल."

सेन्सेईंच्या डोळ्यांपुढून इनाबा-सानचा मोतीबिंदू तरळून गेला. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि ज्या पोराची त्यांनी एकदा सगळ्या वर्गासमोर खरडपट्टी काढली होती त्याच्यासमोर खोल मान लववली. मग सगळं सांगितलं. फुटलेला संच घोकल्याचं, फलकाकडे न पाहिल्याचं, सगळं. डॉक्टर आधी हसू दाबत होते, मग त्यांना ते दाबता येईना.

"म्हणजे सोळाच्या सोळा आठवली, फक्त चुकीची!" ते डोळे पुसत म्हणाले. "सेन्सेई, असला मेंदू माझ्या दवाखान्यात आणखी दहा वर्षं येऊ नये. दाखला घेऊन जा. पण या ओनुकी-साननी असं का केलं?"

"मत्सर, दुसरं काय. सांगितलं तीन-तीनदा, आणि नंतर म्हणतो, कसला संच! वर पुन्हा तोच संच सांगतो. शोगीत हरतोय ना गेले काही महिने. स्वतःची पाळी सोडून माझ्या सोंगट्या हलवतो, आणि मग..."

डॉक्टरांचं हसू थांबलं होतं. ते लिहायचेही थांबले होते.

"तीन वेळा सांगितलं. प्रत्येक वेळी नव्यानं?" त्यांनी हळूच विचारलं.

सेन्सेईंनी मनात ते तीन दिवस मोजले, प्रत्येक वेळची तीच गुप्त कुजबुज. अक्रोडांनी त्यांना जिंकवलं नव्हतं. ओनुकी सोंग करत नव्हता.

"पण तो पास झाला," ते कसेबसे म्हणाले.

"काठावर पास होतात बरेच. ती चाळणी आहे, सेन्सेई, मोठ्या भोकांची. तुमच्यासारखा अडकतो आणि एखादा निसटतो. लवकर कळलं तर बरंच काही करता येतं. त्यांना आणाल?"

"तो येणार नाही. त्याला वाटतं, त्याला काही झालेलंच नाही."

"बहुतेकांना तसंच वाटतं," डॉक्टर म्हणाले.

शुक्रवार मावळायला आला तेव्हा दाखला खिशात होता. गावात शिरल्याबरोबर गाडी थांबवून, कर्ण्यावरून सगळ्यांना ऐकवायचा, असं सेन्सेईंनी येताना ठरवलं होतं. गाडी त्यांनी थांबवली, पण ओनुकीच्या बांधापाशी. ओनुकी पाती धूत होता. त्याला भांडण झाल्याचं आठवत नव्हतं, की आठवूनही तो हसत होता, हे सेन्सेईंना कळेना, आणि न कळण्याचं त्यांना फार वाईट वाटलं. ते त्याच्या शेजारी बांधावर बसले.

"ओनुकी, गुरुवारी मला पुन्हा दवाखान्यात बोलावलंय. एकट्याला भीती वाटते रे. काय विचारतात, मी काय सांगतो, काही भरवसा नाही. तू चल बरोबर. मला विचारतील ते सगळं तुलाही विचारू देत, म्हणजे मला धीर येईल."

ओनुकीनं ओले हात विजारीला पुसले आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली. "एवढंच ना? मी असल्यावर घाबरतोस कशाला? तुझं डोकं गेलं तर गेलं. माझं आहे ना. कधी जायचं?"

"गुरुवारी."

तेवढ्यात वरच्या वाटेनं इनाबा-सान आल्या आणि नेहमीच्या उत्साहानं ओरडल्या, "सेन्सेई, आज कोण वार?"

सेन्सेईंचा हात खिशातल्या दाखल्याकडे गेला. ओनुकी काळजीनं त्यांच्या तोंडाकडे पाहत होता.

"आज... मंगळवार असेल," सेन्सेई म्हणाले.

इनाबा-सानचा चेहरा पडला. ओनुकीनं सेन्सेईंचा खांदा घट्ट धरला. "अरे वेड्या, रविवार आहे, रविवार! बघ, म्हणूनच मी बरोबर पाहिजे." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "कधी जायचं म्हणालास?"

इनाबा-साननी तोंड उघडलं होतं. त्यांनी ओनुकीकडे पाहिलं, मग सेन्सेईंकडे पाहिलं, आणि तोंड तसंच मिटून घेतलं.

"गुरुवारी," कुरोईवा सेन्सेई म्हणाले. "आणि रविवारच आहे रे. मीच विसरलो."